आधी पिंजरा, मग गिनी पिग

वार्षिक परीक्षा संपल्या की मुलांची एक मागणी हमखास पुढे येते: "अब्बा, या सुट्टीत आपण काहीतरी पाळू या ना!" आपल्या बहुतेक घरांत कुत्रा ठेवला जात नाही. मांजर दादीला आवडते, पण अम्मी स्वयंपाकघराच्या काळजीने नको म्हणते. आपल्याकडचे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. मग कुणा मित्राच्या घरी किंवा मोबाइलवर पाहिलेला, तळहातावर मावणारा, मऊ केसांचा, 'व्हीक व्हीक' आवाज करणारा गिनी पिग मुलांच्या मनात भरतो.

घरातली मोठी माणसे लगेच दोन प्रश्न विचारतात: कुठे मिळतो आणि केवढ्याला मिळतो? बाजारात गेले की तासाभरात दोन्हींची उत्तरे मिळतात. दुकानदार प्राणी दाखवतो, सोबत एक छोटा पिंजरा दाखवतो, दोन्हींचा मिळून भाव सांगतो आणि मूल तो पिंजरा छातीशी धरून घरी येते. पुढच्या बहुतेक अडचणींची सुरुवात याच तासाभरात होते. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी पिंजऱ्याचा विचार, मग प्राण्याचा.

नाव पिग, पण डुक्कर नव्हे

हा प्राणी घरात आला की शेजारपाजारचे आणि नातेवाईक पहिला आक्षेप नावावरच घेतात. गिनी पिगचा डुकराशी काडीचा संबंध नाही. उंदीर, खार, साळिंदर यांच्यासारखा तो कुरतडणारा प्राणी आहे आणि पूर्णपणे शाकाहारी आहे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले, सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि तिथे त्याला हे फसवे नाव चिकटले. तुर्की भाषेत त्याला 'कोबाय' म्हणतात. घरात नावाची अडचण वाटत असेल तर मुलांनी त्याचे काहीही छान नाव ठेवावे.

तहारतचा प्रश्न मात्र खरा आहे. हा प्राणी दिवसभर लेंड्या टाकतो आणि मांडीवर घेतला तर कपड्यावर लघवीही करतो. म्हणून पिंजरा नमाज पढण्याच्या जागेपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा, त्याला घेताना मांडीवर वेगळा टॉवेल टाकावा आणि कपडे खराब झाले तर धुऊन किंवा बदलूनच नमाजला उभे राहावे. बारीकसारीक मसले आपापल्या मसलकच्या आलिमांना विचारून घ्यावेत.

परवानगी आहे, अटही आहे

प्राणी किंवा पक्षी पाळण्याबाबत बोलताना उलमा दोन हदीसांचा आधार देतात. पहिली हदीस अबू उमैर या लहान मुलाची. त्याच्याकडे खेळायला एक छोटा पक्षी होता. तो मेल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची आपुलकीने विचारपूस केली. मुलाने पक्षी पाळला होता याबद्दल त्यांनी नाराजी दाखवली नाही. दुसरी हदीस मांजर कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. ती मांजर मेली आणि त्यापायी त्या स्त्रीला शिक्षा झाली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत या हदीसा आल्या आहेत.

दोन्ही एकत्र वाचल्या की मुद्दा स्पष्ट होतो. प्राणी पाळण्यात गुन्हा नाही. पण ज्या क्षणी आपण त्याला बंद करतो, त्या क्षणी त्याचे अन्न, पाणी, हवा आणि हालचाल ही सगळी आपल्या हातातली अमानत होते. गल्लीतली मांजर उपाशी असेल तर दुसऱ्या दारी जाईल, पिंजऱ्यातला गिनी पिग कुठेही जाऊ शकत नाही. म्हणून पिंजरा कसला घ्यावा हा घर सजवण्याचा प्रश्न राहत नाही.

देशाचा कायदाही हेच म्हणतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, ज्या पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची प्राण्याला पुरेशी हालचाल करू देत नाही, अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे हा गुन्हा आहे.

पिंजरा: दुकानातला की घरी बनवलेला?

आपल्याकडे दुकानात 'गिनी पिगचा' म्हणून दिला जाणारा पिंजरा बहुतेक वेळा पक्ष्यांचा किंवा सशाच्या पिल्लाचा असतो. त्यात तीन दोष असतात.

पहिला दोष आकाराचा. दोन गिनी पिगना किमान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा लागते. हा प्राणी वर चढत नाही, जमिनीवर पळतो. म्हणून उंच, दुमजली पिंजऱ्यापेक्षा लांबरुंद पिंजरा त्याच्या कामाचा. दीड-दोन फुटी चौकोनात तो जेमतेम वळू शकतो.

दुसरा दोष तळाचा. घाण खाली पडावी म्हणून तळाला जाळी लावलेली असते. माणसाला साफसफाई सोपी जाते, पण गिनी पिगच्या पायांचे तळवे नाजूक आणि बिनकेसांचे असतात. जाळीवर राहून त्यांना जखमा होतात, त्या चिघळतात, कधी बोट जाळीत अडकून मोडते. तळ सपाट आणि भरीवच हवा.

तिसरा दोष सोबत मिळणाऱ्या वस्तूंचा. फिरते चाक आणि प्लास्टिकचा गोल चेंडू हॅमस्टरसाठी म्हणून विकले जातात. गिनी पिगच्या पाठीचा कणा तसा वाकत नाही, चाकात त्याला इजा होते. त्यावर पैसे घालवू नयेत.

चांगला पिंजरा घरीही बनतो. जोडून रॅक तयार करण्याच्या चौकोनी जाळ्या मिळतात, त्यांच्या चार भिंती कराव्यात. तळाला आणि कडेला सनपॅकची शीट दुमडून ट्रेसारखी बसवावी. फलक बनवणाऱ्यांकडे ही शीट सहज मिळते. नाहीतर वेल्डिंगवाल्याला माप देऊन बारीक वेल्डमेशची चौकट करून घ्यावी आणि कडांना टोके राहिली नाहीत ना हे हात फिरवून पाहावे. मांजर, कावळा किंवा घुशीचा वावर असेल तर वरून झाकण हवेच.

तळावर जुन्या वर्तमानपत्रांचा जाड थर आणि त्यावर जुना टॉवेल किंवा मऊ ब्लँकेट अंथरावे, रोज झाडावे आणि दोन-तीन दिवसांनी धुवावे. वखारीतला किंवा सुताराकडचा फुकट भुसा टाळावा. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि प्लायवुडच्या भुशात गोंद व रसायने असतात. लपण्यासाठी प्रत्येकी एक खोकेही हवे. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारे कापली की काम झाले.

पिंजरा कुठे ठेवायचा हेही प्राणी आणण्याआधी ठरवावे. गिनी पिगला घाम येत नाही. तापमान २६-२७ अंशांच्या पुढे गेले की त्याचा त्रास सुरू होतो आणि कडक उन्हाळ्यात उष्माघाताने तो काही तासांत मरू शकतो. बाल्कनी, गच्ची, पत्र्याखालची खोली आणि खिडकीतले ऊन ही चारही ठिकाणे वर्ज्य. घरातली सर्वांत थंड, पण माणसांचा वावर असलेली जागा उत्तम.

हा पिंजरा घरात मांडून आठ दिवस तसाच राहू द्यावा. त्याने खरोखर किती जागा अडते, येण्याजाण्याच्या वाटेत येतो का, पाहुणे आले की कुठे सरकवायचा, हे सगळे त्या आठ दिवसांत कळते. पिंजरा अडचणीचा वाटला तर प्राणी आणण्याचा बेत तिथेच थांबवता येतो आणि कोणाचेही नुकसान होत नाही.

प्राणी कुठून घ्यावा?

साधारण तीन ठिकाणी गिनी पिग मिळतो.

पाळीव प्राण्यांचे दुकान. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना क्रॉफर्ड मार्केटमधील पशुपक्ष्यांची दुकाने माहीत आहेत, आता प्रत्येक मोठ्या शहरात अशी दुकाने आहेत. अशा दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम केले आणि त्यांतील पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत गिनी पिगचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. दुकानाची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते. आत शिरताच आधी ते शोधावे. नसेल तर 'कुठे आहे?' असे सरळ विचारावे. उत्तर टाळले गेले तर परत फिरावे.

घरगुती पैदास करणारे. काही जण घरीच गिनी पिग वाढवून विकतात. इथे एक फायदा आहे: पिल्लाचे आईबाप पाहता येतात, जन्मतारीख कळते, पिल्लाला माणसांची सवय झालेली असते. पण घरी जाऊन पाहू देत नसतील आणि स्टेशनवर किंवा रस्त्यात खोके हातात देणार असतील, तर तो व्यवहार करू नये.

दुसरे कुटुंब. बदली होते, मूल शिकायला बाहेरगावी जाते, कोणाला ॲलर्जी निघते, अशा कारणांनी अनेक घरांना आपला गिनी पिग चांगल्या हाती द्यायचा असतो. प्राण्यांच्या डॉक्टरांना अशी घरे माहीत असतात, त्यांच्याकडे निरोप ठेवावा. बऱ्याचदा पिंजराही सोबत मिळतो आणि आधीच्या मालकाकडून त्याच्या खाण्यापिण्याच्या सवयी कळतात. मोठा झालेला प्राणी माणसाळत नाही, हा समज खरा नाही. शांत हाताने रोज भाजी दिली की तो काही आठवड्यांत ओळखू लागतो. घरात पहिल्यांदाच प्राणी येत असेल तर या तीनपैकी तिसरा मार्ग सर्वांत बरा.

कुरिअर किंवा बसच्या टपावरून येणारा प्राणी, जत्रेतल्या टोपलीतला प्राणी आणि कोणी न विचारता ईदी म्हणून दिलेला प्राणी, हे तिन्ही टाळावेत. शेवटच्या बाबतीत देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पाच-सात वर्षांची जबाबदारी कोणाच्या दारात परस्पर ठेवू नये.

दुकानात काय पाहावे, काय विचारावे

प्रेषित (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगापाशी थांबले. ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याबद्दल कडक शब्द वापरले. विक्रेत्याने दोष सांगावा ही त्याची जबाबदारी. गिऱ्हाइकानेही ढिगात हात घालून पाहावे, हे शहाणपण.

गिनी पिगच्या बाबतीत हात घालून पाहायचे ते असे. डोळे चमकदार आणि कोरडे हवेत. नाकातून पाणी किंवा श्वासाचा घरघर आवाज नको. केसांत टक्कल, खवले किंवा सतत खाजवणे दिसले तर ते किडे किंवा बुरशी असू शकते आणि ही बुरशी मुलांच्या त्वचेलाही लागते. शेपटीकडचा भाग स्वच्छ, लेंड्या घट्ट आणि लांबट हव्यात. केस फुलवून कोपऱ्यात गप्प बसलेला प्राणी शांत स्वभावाचा नसतो, बहुधा आजारी असतो. एक आजारी असेल तर त्याच पिंजऱ्यातला दुसराही घेऊ नये.

मग चार प्रश्न विचारावेत. वय किती? पिल्ले साधारण तीन आठवडे आईचे दूध पितात, सहा आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये. एका पक्षिणीची पिल्ले उचलून आणणाऱ्या सहाबींना प्रेषित (स.) यांनी ती परत द्यायला सांगितले होते, ही अबू दाऊद यांच्या संग्रहातली घटना इथे आठवावी. नर की मादी? नीट पाहून सांगता येत नसेल तर त्या विक्रेत्याला आपल्या मालाची माहिती नाही. नर आणि मादी एकत्र ठेवले आहेत का? मादी एक महिन्याची असतानाच गाभण राहू शकते आणि तिची गर्भावस्था ५९ ते ७२ दिवसांची असते. एकत्र ठेवलेली मादी घरी आणली तर दोन महिन्यांनी पिंजऱ्यात तीन-चार पिल्ले दिसतील. सध्या काय खातो? 'काहीही खातो, पोळी, ब्रेड, बिस्किट' असे उत्तर आले तर त्याची देखभाल झालेली नाही असे समजावे.

पावती घ्यावी. आणि त्याच दिवशी घेण्याची घाई करू नये. आज पाहावे, घरी यावे, दोन दिवसांनी पुन्हा जावे. पिंजरे धुतलेले आहेत का, पाणी भरलेले आहे का, हे न कळवता गेल्यावरच खरे कळते.

एक नको, दोन हवेत

गिनी पिग कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवला की तो मलूल होतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून त्याला एकटा ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. दोन माद्या किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर ठेवावेत. सोबत म्हणून ससा ठेवू नये. सशाच्या लाथेने इजा होते आणि सशाला न बाधणारे काही जंतू गिनी पिगला आजारी पाडतात. दोघांचा खर्च झेपत नसेल तर एक घेण्यापेक्षा थांबलेले बरे.

खाणे आणि दवाखाना

त्याच्या खाण्यातला मोठा भाग म्हणजे गवत. दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. वाळलेले गवत चोवीस तास समोर हवे. तबेल्याजवळ किंवा चाऱ्याच्या दुकानात ते मिळते. बुरशीचा वास येत असेल तर घेऊ नये. भाताच्या पेंढ्यात कस कमी असतो, तो अंथरायला ठीक. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, मोठ्यांना रोज देऊ नये, त्यातल्या कॅल्शियममुळे मूतखडे होऊ शकतात.

माणसाप्रमाणेच गिनी पिगचे शरीरही 'क' जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांनी माणसाला होणारा स्कर्व्ही हा रोग गिनी पिगमध्ये दाखवून दिला आणि त्यातूनच पुढे या जीवनसत्त्वाच्या शोधाला दिशा मिळाली. प्रत्येकाला रोज ढोबळी मिरचीची एक मोठी फोड आणि थोडी कोथिंबीर दिली की गरज भागते. कांदा, लसूण, बटाटा, दूध, पोळी आणि गोड पदार्थ देऊ नयेत.

प्राणी घेण्याआधी डॉक्टर शोधून ठेवावा. प्राण्यांच्या प्रत्येक डॉक्टरला छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा सराव असतोच असे नाही, फोन करून विचारावे. माणसांची औषधे कधीही देऊ नयेत. घराघरांत असणारे अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिले तर त्याच्या पोटातले उपयुक्त जंतू मरतात आणि प्राणीही दगावतो. अर्धा दिवस काही खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. किराणा मोजायच्या छोट्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. आजाराची पहिली खूण बहुधा त्या वहीतच दिसते.

कोणी घेऊ नये

गिनी पिग पाच ते आठ वर्षे जगतो. आज पाचवीतल्या मुलीसाठी आणलेला प्राणी ती बारावीची परीक्षा देईल तेव्हाही पिंजऱ्यात असेल. तोवर मुलांचे वेड ओसरते आणि गवत घालण्याचे, टॉवेल धुण्याचे काम बहुतेक अम्मीच्या वाट्याला येते. म्हणून घरात विचारायचा सर्वांत महत्त्वाचा माणूस तीच. तिने मनापासून होकार दिला नसेल तर तो निर्णय झालाच नाही असे समजावे.

ज्या घरात मे महिन्यात खोल्या तापतात, वीज जाते आणि एकही थंड कोपरा नाही, अशा घरांनी हा प्राणी आणू नये. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या अनेक घरांना हे लागू होते. दर सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी आणि उमराहला निघण्याच्या तयारीत असलेल्यांनी आधी सांभाळणारा माणूस ठरवावा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर गवताच्या धुळीचा विचार करावा.

यातले काही जमत नसेल तर मुलांना तसे सांगावे, ती समजून घेतात. उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचे मातीचे भांडे ठेवणे, गल्लीतल्या मांजरीला रोज एका वेळी खायला घालणे, हेही मुक्या जिवाचा हक्क शिकवणारेच आहे. आणि जमत असेल, तर या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन आधी चार फूट बाय दोन फुटांचा पिंजरा बनवावा. तो आठ दिवस घरात राहिला आणि तरीही सगळ्यांची इच्छा टिकली, तर नवव्या दिवशी प्राण्याच्या शोधात निघावे.